अपडेटनंतर व्हिडिओ अडखळतोय? ग्राफिक्स कार्ड विकत घेण्याआधी एवढं बघा

प्रश्न थोडक्यात असा. आई-बाबा सांगलीला, मुलगा नोकरीसाठी बंगळूरला. घरी डेस्कटॉप आहे: इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-५ (६५००), ८ जीबी रॅमची एकच पट्टी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज १०. आई रोज सकाळी यूट्यूबवर कीर्तन लावते, दुपारी जुन्या नाटकांची चित्रीकरणं बघते. पंधरा दिवसांपूर्वी विंडोजचं अपडेट आलं, त्याच आठवड्यात क्रोमही नवा झाला, आणि तेव्हापासून आवाज व्यवस्थित येतो पण चित्र झटके खात चालतं. मोबाइलचं नेट जोडून पाहिलं, क्रोम काढून पुन्हा टाकला, फरक नाही. जवळच्या दुकानात सांगितलं, "दोन जीबीचं ग्राफिक्स कार्ड टाका, लगेच सुटेल." टाकावं का?

आत्ता तरी टाकू नका. मी बावीस वर्षं घरोघरचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि अपडेटनंतर व्हिडिओ अडकण्याच्या तक्रारीत नवीन कार्डाची खरी गरज मला फार क्वचित दिसली आहे. कॉम्प्युटर तोच, आई बघते ते व्हिडिओही त्याच प्रकारचे, आणि महिनाभरापूर्वी ते सुरळीत चालत होते. यंत्राची ताकद एका रात्रीत कमी होत नाही. कमी होतं ते त्यातल्या भागांचं एकमेकांशी असलेलं जुळणं, आणि ते परत जुळवायला बहुतेक वेळा एक रुपयाही लागत नाही.

आधी आत काय चालतं ते सांगतो, म्हणजे पुढच्या पायऱ्या नुसत्या पाठ कराव्या लागणार नाहीत. १०८०पी व्हिडिओच्या एका चित्रात सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. सेकंदाला ३० चित्रं धरली तर सव्वासहा कोटी ठिपके, ६० चित्रं धरली तर सुमारे साडेबारा कोटी. एवढी माहिती नेटवरून जशीच्या तशी येऊ शकत नाही, म्हणून ती घट्ट घडी घालून पाठवली जाते आणि तुमच्या घरी उलगडली जाते. घडी घालायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत: २००३ सालची एच.२६४, २०१३ च्या एचईव्हीसी आणि व्हीपी९, २०१८ ची एव्ही१. पद्धत जितकी नवी तितकी घडी लहान, आणि साधारणपणे ती उलगडायला कष्टही तितकेच जास्त.

हे उलगडण्याचं काम दोन जण करू शकतात. एक म्हणजे मुख्य प्रोसेसर, जो कुठलंही काम करतो पण घाम गाळून. दुसरा म्हणजे ग्राफिक्सच्या चिपमध्येच बसवलेला एक लहानसा खास भाग, ज्याला एवढं एकच काम येतं आणि ते तो अगदी सहज करतो. तुमच्या ६५०० मध्ये ग्राफिक्स प्रोसेसरच्या पोटातच आहे, तेव्हा हा खास भागही तिथेच आहे. ब्राउझरने व्हिडिओ त्या भागाकडे सोपवला की प्रोसेसर निवांत. सोपवता आला नाही की सगळा भार प्रोसेसरवर. अपडेटनंतर बिघडते ती बहुधा ही सोपवणी: ड्रायव्हर (विंडोज आणि चिप यांच्यातला दुभाषी असलेलं सॉफ्टवेअर) बदलतो, ब्राउझरची सेटिंग बदलते, किंवा या भागाला न येणाऱ्या घडीतला व्हिडिओ समोरून यायला लागतो.

तुम्ही "आवाज नीट, चित्र अडकतं" असं लिहिलंत, ही फार उपयोगाची नोंद आहे. नेट कमी पडलं की आवाज आणि चित्र दोन्ही थांबतात आणि मधोमध गोल चक्र फिरतं. आवाज अखंड आणि चित्र तुटक, याचा अर्थ माहिती घरापर्यंत वेळेवर पोचते आहे, उलगडणाऱ्याला किंवा पडद्यावर मांडणाऱ्याला मात्र ती झेपत नाही. प्लेअर आवाजाला घड्याळ मानतो. चित्र मागे पडलं की काही फ्रेम, म्हणजे एकेक चित्रं, गाळून तो आवाजाला गाठतो. तुमच्या आईला दिसणारे झटके म्हणजे या गाळलेल्या फ्रेम. तेव्हा नेटवाल्याकडे तक्रार नको आणि राउटर बदलणंही नको.

एक सूचना आत्ताच देतो, कारण तुम्ही बंगळूरहून हे करणार आहात. क्विक असिस्ट किंवा तसल्या कुठल्याही साधनाने सांगलीचा पडदा तुमच्याकडे उघडून व्हिडिओ नीट चालतो का हे ठरवू नका. दुसऱ्याचा पडदा दुरून बघताना व्हिडिओ नेहमीच तुटक दिसतो, शिवाय पडदा पाठवण्याचं काम त्याच बिचाऱ्या प्रोसेसरवर पडतं. सेटिंग बदलायला हे साधन खुशाल वापरा. चाचणी मात्र ते बंद करून घ्या, आणि बाबांना पडद्याचे फोटो मोबाइलवर काढून पाठवायला सांगा. फोटोतले आकडे पुरेसे असतात.

आता तीन फोटो. तिन्ही वेळा एकच व्हिडिओ लावायचा, म्हणजे तुलना खरी होईल.

पहिला फोटो यूट्यूबचाच. चालू व्हिडिओवर माऊसचं उजवं बटण दाबलं की यादीच्या तळाशी "स्टॅट्स फॉर नर्ड्स" असतं. ते उघडलं की कोपऱ्यात काळी पाटी येते. तीत तीन ओळी बघायच्या. "फ्रेम्स"च्या ओळीत किती फ्रेम दाखवायच्या होत्या आणि त्यातल्या किती "ड्रॉप्ड" म्हणजे गाळल्या, हे येतं. सुरुवातीच्या पाच-दहा गळाल्या तर चालतं, पण आकडा सतत चढत असेल तर रोग पकडला. "कोडेक्स"च्या ओळीत घडी कुठली ते कळतं: एव्हीसी१ लिहिलं असेल तर एच.२६४, व्हीपी०९ असेल तर व्हीपी९, एव्ही०१ असेल तर एव्ही१. "बफर हेल्थ" म्हणजे किती सेकंदांची माहिती हातात शिल्लक आहे. तिथे वीस-तीस सेकंद दिसत असताना चित्र अडकत असेल तर नेटवरचा संशय पूर्ण संपला.

दुसरा फोटो टास्क मॅनेजरचा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, "परफॉर्मन्स"वर जा. व्हिडिओ चालू असताना सीपीयू (मुख्य प्रोसेसर), डिस्क आणि जीपीयू (ग्राफिक्सची चिप) तिन्ही पानं बघा. जीपीयूच्या पानावर "व्हिडिओ डिकोड" नावाचा छोटा आलेख असतो. तो हलत असेल तर खास भाग काम करतो आहे. तो जमिनीला चिकटलेला आणि सीपीयू नव्वदीत असेल तर सगळं ओझं प्रोसेसर वाहतो आहे. आणि जीपीयूचं पानच यादीतून गायब असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर गेला असं जवळपास धरूनच चाला.

तिसरा फोटो क्रोमचा. पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत "क्रोम", मग कोलन, दोन तिरक्या रेघा आणि "जीपीयू" टाका. लांबलचक पान उघडेल, त्यातल्या वरच्या दहा-पंधरा ओळी पुरेत. "व्हिडिओ डिकोड"समोर "हार्डवेअर ॲक्सिलरेटेड" हिरव्या अक्षरांत हवं. "सॉफ्टवेअर ओन्ली" किंवा "डिसेबल्ड" दिसलं तर क्रोमने त्या भागाकडे काम सोपवणं बंद केलं आहे. याच पानावर खाली, चिप कोणकोणत्या घड्या उलगडू शकते त्यांचीही यादी असते.

हे तीन फोटो हातात येईपर्यंत, रीस्टार्ट आणि यूट्यूबचा दर्जा तात्पुरता ७२०पीवर उतरवणं सोडून, कुठल्याही सेटिंगला हात लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मशिनवर आधी चार जणांनी चार उपाय एकदम केलेले असतात, आणि मूळ दुखणं कुठलं न् उपायाने झालेलं कुठलं हे वेगळं करण्यातच माझा दिवस जातो. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत लिहून.

आता माझा अंदाज सांगतो. तुमचा प्रोसेसर चार कोअरचा आहे. खास भागाची मदत मिळाली नाही तरी १०८०पीचा साधा व्हिडिओ तो एकट्याने ओढायला हवा, अगदी व्हीपी९ असला तरी. तरीही झटके बसत असतील तर नुसतं उलगडणंच नव्हे, चित्र लहान-मोठं करणं, रंग बदलणं, खिडकी पडद्यावर मांडणं, हे सगळंच त्याच्या गळ्यात पडलेलं असणार. हे होतं ड्रायव्हर गेल्यावर. म्हणून माझा पहिला संशय तिथे आहे.

खात्री करायला स्टार्टच्या बटणावर उजवं बटण दाबून "डिव्हाइस मॅनेजर" उघडा आणि "डिस्प्ले ॲडाप्टर्स"खालचं नाव वाचा. तुमच्या मशिनवर तिथे "इंटेल एचडी ग्राफिक्स ५३०" हवं. "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर" असं दिसलं तर निदान झालं. हा विंडोजचा कामचलाऊ ड्रायव्हर आहे, खरा सापडला नाही की पडदा निदान दिसावा म्हणून बसवलेला. त्याला व्हिडिओ उलगडणं येतच नाही.

पण त्याही आधी एक अगदी साधी गोष्ट करा: "रीस्टार्ट". तुम्ही म्हणाल, बाबा रोज रात्री कॉम्प्युटर बंद करतात, रोज सकाळी चालू करतात. ते पुरत नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, "फास्ट स्टार्टअप" नावाची सोय आहे. "शट डाउन" केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, ड्रायव्हरच्या अर्धवट राहिलेल्या कामासकट. "रीस्टार्ट" केल्यावरच सगळं मुळापासून सुरू होतं. अनेक घरांत महिनोन्‌महिने कुणी रीस्टार्ट केलेलंच नसतं, कारण रोज बंद करतो ना, मग कशाला! अपडेटनंतरच्या तक्रारींमध्ये मी फोनवर पहिलं वाक्य हेच सांगतो, आणि कित्येकदा फोन तिथेच संपतो.

रीस्टार्टने काम झालं नाही तर डिव्हाइस मॅनेजरमधल्या त्या नावावर दोनदा क्लिक करून "ड्रायव्हर"च्या पानावर जा. "रोल बॅक ड्रायव्हर" हे बटण दाबता येत असेल तर दाबा, जुना ड्रायव्हर परत येईल. ते पुसट असेल तर मागचा ड्रायव्हर शिल्लक नाही. मग मशिन ब्रँडेड असेल तर त्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, जुळवलेलं असेल तर मदरबोर्डच्या कंपनीकडून किंवा थेट इंटेलकडून सहाव्या पिढीच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर उतरवा. उतरवून झाल्यावर नेट काढा, डिव्हाइस मॅनेजरमधून असलेला ड्रायव्हर "अनइन्स्टॉल" करा, ड्रायव्हरची फाइलही पुसण्याची चौकट दिसली तर तिच्यावर खूण करा, रीस्टार्ट करा, उतरवलेला ड्रायव्हर टाका, पुन्हा रीस्टार्ट, आणि मग नेट जोडा. नेट काढायचं कारण असं की आपण मधल्या काळात रिकामी सोडलेली जागा विंडोज स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर आणून भरतं.

इंटेलने जुलै २०२२ मध्ये सहाव्या ते दहाव्या पिढीचं ग्राफिक्स जुन्या मालाच्या वर्गात टाकलं आहे. तेव्हापासून त्यांना नव्या सोयी मिळत नाहीत, मिळाल्याच तर अत्यावश्यक दुरुस्त्या तेवढ्या. त्यामुळे "सगळ्यात नवा ड्रायव्हर" शोधत बसण्यात तुमच्यासाठी काही नाही. चालणारा ड्रायव्हर हाच चांगला ड्रायव्हर. आणि सगळे ड्रायव्हर आपोआप शोधून देतो म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअर असतात, त्यांना दारातही उभं करू नका. कोडेकच्या पोतडीचंही, म्हणजे घड्या उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्याचंही, तसंच. वीस वर्षांपूर्वी त्या पोतड्या लागायच्या, आज ब्राउझरला त्यांचा काहीही उपयोग नाही.

समजा ड्रायव्हरचं नाव बरोबर निघालं, पण क्रोमच्या पानावर "सॉफ्टवेअर ओन्ली" आहे. मग क्रोमच्या सेटिंगमध्ये "सिस्टिम"खाली जा. तिथे ग्राफिक्स ॲक्सिलरेशन वापरण्याचा खटका आहे, जुन्या आवृत्तीत त्यालाच हार्डवेअर ॲक्सिलरेशन म्हणत. बंद असेल तर चालू करा. चालू असूनही उपयोग नसेल तर बंद करून क्रोम पुन्हा उघडा, मग परत चालू करून पुन्हा उघडा. ग्राफिक्सचं काम बघणारी क्रोमची प्रक्रिया वारंवार कोसळली की क्रोम सावधगिरी म्हणून सगळं प्रोसेसरवर घेतो, आणि पुरता बंद करून उघडेपर्यंत तिथेच राहतो. खिडकी बंद केली म्हणजे क्रोम बंद झाला असं नाही. त्याच "सिस्टिम"च्या पानावर क्रोम बंद केल्यावरही मागे काम चालू ठेवण्याचा एक खटका असतो, तो बंदच ठेवा.

इथेच एक तुलना करून घ्या. तोच व्हिडिओ एजमध्ये किंवा फायरफॉक्समध्ये लावा. तिथे सुरळीत चालला तर दोष क्रोमपुरता आहे, ड्रायव्हरला मोकळं सोडा. क्रोममधली एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेली छोटी सॉफ्टवेअर, एकेक करून बंद करून बघा. मोबाइलवर काढलेला एखादा साधा व्हिडिओ पेनड्राइव्हवरून आणून व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये चालवणं हीसुद्धा चांगली परीक्षा. तो डिस्कवरून नीट चालतो आणि ब्राउझरात काहीच नीट चालत नाही, तर दोष ब्राउझरच्या बाजूला. तोही अडकतो, तर दोष त्याखालच्या थरात. मात्र परीक्षेला नव्या महागड्या फोनवर काढलेला भाच्याच्या लग्नाचा ४के व्हिडिओ घेऊ नका. असे व्हिडिओ बहुधा एचईव्हीसीत असतात, त्यातले काही १०-बिटचे, म्हणजे रंगांच्या जास्त छटा साठवणारे. सहाव्या पिढीची चिप ८-बिटचा एचईव्हीसी उलगडते, १०-बिटचं पूर्ण काम सातव्या पिढीपासून येतं. तो व्हिडिओ तुमच्याकडे अपडेटच्या आधीही अडकलाच असता. तो बघायचाच असेल तर हँडब्रेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने एच.२६४ मध्ये १०८०पी करून घ्या.

आता घडीचा प्रश्न. पहिल्या फोटोत एव्ही०१ दिसलं तर लक्ष द्या. एव्ही१ उलगडणारा खास भाग इंटेलकडे अकराव्या पिढीपासून, म्हणजे २०२० पासून आला. तुमच्या चिपला तो पूर्णपणे अनोळखी. व्हीपी९ चं पूर्ण काम सातव्या पिढीपासून आलं, सहाव्यात ते अर्धवट आहे. फक्त एच.२६४ तुमच्या चिपच्या अगदी हातची गोष्ट. घडी कुठली पाठवायची हे यूट्यूब ठरवतं, तुमचा ब्राउझर काय काय स्वीकारतो ते विचारून. ब्राउझर नवा झाला की या संभाषणात फरक पडू शकतो आणि काल एच.२६४ येणारा व्हिडिओ आज एव्ही१ मध्ये येऊ शकतो.

यावर उपाय तीन. यूट्यूबच्या खात्याच्या सेटिंगमध्ये "प्लेबॅक अँड परफॉर्मन्स"खाली एव्ही१ ची निवड असते. तिथे कुणी "नेहमी एव्ही१" निवडलं नाही ना ते बघा, असेल तर "ऑटो" करा. दुसरा, "एनहान्स्ड एच२६४फाय" हे एक्स्टेन्शन: ते व्हीपी९ आणि एव्ही१ नाकारतं, त्यामुळे एच.२६४ यावंच लागतं, आणि हवं तर ६० फ्रेमचे व्हिडिओही ३० वर आणतं. तिसरा, फायरफॉक्स वापरत असाल तर पत्त्याच्या पट्टीत "अबाउट कोलन कॉन्फिग" उघडून "मीडिया डॉट एव्ही१ डॉट एनेबल्ड" ही नोंद "फॉल्स" करणं. एच.२६४ मध्ये यूट्यूब १०८०पीच्या वर देत नाही, पण तुमचा मॉनिटर १०८०पीचाच असेल तर काय बिघडलं? आणि आईंना कीर्तनकाराचा चेहरा ७२०पीवरही स्वच्छ दिसेल. तात्पुरता उपाय म्हणून आज रात्रीच ७२०पी लावून द्या, म्हणजे तुमची शोधाशोध होईपर्यंत त्यांची सकाळ तरी मोडणार नाही.

दुसऱ्या फोटोत डिस्क १०० टक्के दिसली तर वाट वेगळी. मोठ्या अपडेटनंतर विंडोज काही तास, कधी दोन दिवस, मागे आवराआवर करतं: फायलींची सूची नव्याने बनवणं, विषाणूंची तपासणी, अपडेटचे राहिलेले तुकडे बसवणं. तुमच्याकडे जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर या काळात सगळंच अडखळतं. एखाद्या रात्री कॉम्प्युटर चालू ठेवा, झोपी जाऊ देऊ नका, सकाळी रीस्टार्ट करा. पंधरा दिवस झाले तरी डिस्क शंभरावरच असेल तर मात्र ती डिस्कच थकत आली असावी. तेव्हा पहिलं काम घरच्या फोटोंची नक्कल दुसरीकडे काढणं, व्हिडिओचं नंतर बघू.

अँटिव्हायरसचा एक अनुभव सांगतो. इथे अकोल्यात एका निवृत्त शिक्षिकांच्या मशिनवर सगळं बरोबर होतं: ड्रायव्हर, क्रोमचं पान, घडी. तरी दर चार-पाच सेकंदांनी झटका. विकत घेतलेल्या एका अँटिव्हायरसने स्वतःचं अपडेट घेतलं होतं आणि तेव्हापासून तो ब्राउझरमधून येणारा प्रत्येक सुरक्षित जोड मधे उघडून तपासत होता, व्हिडिओच्या माहितीसकट. त्याची ती तपासणी बंद केल्याबरोबर व्हिडिओ सरळ झाला. म्हणून टास्क मॅनेजरच्या "प्रोसेसेस"च्या पानावर, झटका बसतो त्या क्षणी वर कोण येतं, हे बाबांना पाच मिनिटं नुसतं बघायला सांगा. त्या बाईंनीच ते नाव मला वाचून दाखवलं होतं.

उन्हाळा असेल तर उष्णताही मोजा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि दरवर्षी त्या दिवसांत अपडेटला शिव्या देत लोक मशिन घेऊन येतात. आत पंख्यावर धुळीची गोधडी असते. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. उष्णता दाखवणारं एखादं मोफत सॉफ्टवेअर लावून व्हिडिओ चालू असताना आकडा बघा. नव्वदच्या वर जात असेल तर कॅबिनेट उघडून मऊ ब्रशने पंखा साफ करा, विजेची तार काढून, पंख्याचं पातं बोटाने धरून.

एक दोष असा की त्यात एकही फ्रेम गळत नाही, तरी चित्र अडखळतं. अपडेटनंतर मॉनिटरचा रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नव्याने रंगतो तो आकडा, बदललेला असतो. "डिस्प्ले सेटिंग्ज"मध्ये "ॲडव्हान्स्ड"खाली तो दिसतो, ६० हर्ट्‌झ हवा. ३० झाला असेल तर माऊसचा बाणसुद्धा उड्या मारताना दिसेल. आता तुमच्या आईंच्या नाटकांबद्दल. आपल्याकडे दूरचित्रवाणीचं जुनं चित्रीकरण सेकंदाला २५ फ्रेमचं. ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर २५ फ्रेम समान वाटता येत नाहीत. काही फ्रेम दोन वेळा, काही तीन वेळा दाखवाव्या लागतात. कॅमेरा रंगमंचावरून आडवा फिरताना किंवा खालची नावांची पट्टी सरकताना बारीक थरथर दिसते ती याची. तो बिघाड नाही, अपडेटच्या आधीही होती, आता लक्ष गेलं एवढंच. मॉनिटरला ५० हर्ट्‌झ चालत असेल तर नाटकापुरता तो लावून बघा, फरक डोळ्यांना जाणवतो.

कोणाकडे लिनक्स असेल तर त्यांच्यासाठी थोडक्यात. फेडोरा या लिनक्सच्या एका प्रकाराने २०२२ मध्ये पेटंटच्या कारणावरून मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हरमधलं एच.२६४ आणि एचईव्हीसीचं हार्डवेअर डिकोडिंग काढलं, आणि एएमडी ग्राफिक्सवाल्यांचे व्हिडिओ अपडेटनंतर एकाएकी प्रोसेसरवर आले. आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या सॉफ्टवेअर-भांडारातलं मेसाचं "फ्रीवर्ल्ड" पॅकेज बसवलं की ते परत येतं. टर्मिनलमध्ये "व्हीएइन्फो" ही आज्ञा दिली की चिप काय काय उलगडते त्याची यादी मिळते. फायरफॉक्सने इंटेलसाठी लिनक्सवर हे डिकोडिंग आपणहून चालू ठेवायला सुरुवात केली ती ११५ व्या आवृत्तीपासून, जुलै २०२३ मध्ये.

आता दुकानात सुचवलेलं दोन जीबीचं कार्ड. स्वस्तात "दोन जीबी" म्हणून बहुतेक वेळा एनव्हिडियाचं जीटी ७१० पुढे केलं जातं. ते केप्लर या एनव्हिडियाच्या जुन्या चिपपिढीतलं आहे. त्याला एच.२६४ उलगडता येतं, व्हीपी९ नाही, एव्ही१ नाही, एचईव्हीसीही नाही. म्हणजे तुमच्या प्रोसेसरच्या पोटात आज जे फुकट आहे, त्याहून कमी. शिवाय केप्लरच्या डेस्कटॉप कार्डांना सुरक्षेच्या दुरुस्त्याही सप्टेंबर २०२४ पर्यंतच होत्या. जीबीच्या आकड्याचा व्हिडिओ उलगडण्याशी काही संबंध नाही, चिप कुठल्या पिढीची एवढंच विचारायचं. जीटी १०३० व्हीपी९ उलगडतं, एव्ही१ नाही. एव्ही१ साठी एनव्हिडियाची आरटीएक्स ३० मालिका किंवा पुढची. एएमडीची आरएक्स ६००० मालिका एव्ही१ उलगडते, पण त्यातलीच स्वस्त ६४०० आणि ६५०० एक्सटी उलगडत नाहीत, तेव्हा नाव पूर्ण वाचून घ्या. खर्च करायचाच असेल तर तुमच्या मशिनवर मी आधी एसएसडी (फिरत्या डिस्कऐवजी चिपची वेगवान डिस्क) टाकेन, आणि मग रॅमची दुसरी ८ जीबी पट्टी. पोटातलं ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरतं. एका पट्टीऐवजी दोन जुळ्या पट्ट्या असल्या की त्याला माहिती ने-आण करायला रस्ता दुप्पट रुंद मिळतो.

विंडोज ११ टाकून प्रश्न सुटेल असंही कुणी सांगेल. तुमचा ६५०० त्याच्या अधिकृत यादीत नाही, इंटेलची यादी मुख्यतः आठव्या पिढीपासून सुरू होते. आडवाटेने टाकता येतं, पण या दुखण्यावर ते औषध नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतरही तुम्हाला अपडेट येत आहेत म्हणजे वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी झालेली असणार. ती चालू ठेवा. व्हिडिओ अडकला म्हणून अपडेट कायमचे बंद करणं मला पटत नाही, त्या मशिनवर बाबा बँकेचं कामही करत असतील. हवं तर "पॉज अपडेट्स"ने ३५ दिवसांपर्यंत थांबवा आणि तेवढ्यात ड्रायव्हरचं काम उरका. ड्रायव्हर परत परत बदलला जात असेल तर कंट्रोल पॅनेलच्या "सिस्टिम"मधून "हार्डवेअर"च्या पानावर "डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज" असतं, तिथे "नो" निवडा. सुरक्षेचे अपडेट त्याने थांबत नाहीत.

तर आज रात्री रीस्टार्ट आणि ७२०पी. उद्या सकाळी कीर्तन चालू असताना तीन फोटो, आणि चौथा डिव्हाइस मॅनेजरमधल्या नावाचा. ड्रायव्हर बदलावा लागला आणि व्हिडिओ सरळ झाला, तर ती ड्रायव्हरची फाइल त्या दिवसाची तारीख घालून पेनड्राइव्हवर ठेवा, आणि पेनड्राइव्ह बाबांच्या त्याच कपाटात, जिथे कॉम्प्युटरचं बिल ठेवलेलं आहे.